मॅट मोठी नको, आधी थर्मोस्टॅट आणा

ताई, लेकीसाठी लेपर्ड गेको, म्हणजे पाळायची ठिपकेदार पाल आणलीत, २० गॅलनच्या काचेच्या टाकीला खालून हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई चिकटवली आणि थेट प्लगमध्ये लावली. आता आतल्या भिंतीवरचा गोल काट्याचा थर्मामीटर ७८ फॅरनहाइटच्या वर जात नाही, म्हणून आणखी मोठी मॅट घेऊ का, असं विचारताय. नका घेऊ. आहे तीसुद्धा आधी बंद करा. घरात ७०च्या आसपास तापमान असेल तर एक-दोन दिवसांत गेकोचं काही बिघडत नाही. फक्त तेवढे दिवस किडे घालू नका, ऊब नसली की त्याला पचत नाही.

तो काटा भिंतीजवळची हवा मोजतो आणि मॅट तापवते जमीन. तव्याच्या हातभर वर हात धरून तवा तापलाय का, हे ठरवण्यासारखं झालं ते. वर ७८ असताना खाली काच शंभराच्या बरीच पुढे गेलेली असू शकते. चटका बसला की आपण हात झटकतो, हे प्राणी मात्र पोट टेकून तसेच बसून राहतात.

तेव्हा पैसे थर्मोस्टॅटवर घाला. तो सेन्सरने तापमान बघून मॅट आपोआप चालू-बंद करतो. मॅटची वीज हाताने कमी-जास्त करायचा नुसता डिमर नको. खोली गार झाली की गरम, हे त्याला कळतच नाही. मॅट हळू तापते नि हळूच निवते, त्यामुळे साधा चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट पुरतो. महागडे प्रकार दिव्यांसाठी ठेवा. सोबत इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, तो पिस्तुलासारखा धरून जमिनीवर रोखायचा असतो. मॅटच्या वर, जिथे त्याचं पोट टेकतं तिथे ८८ ते ९२ हवं आणि गार टोकाला ७५च्या आसपास. मॅट तळाच्या एक तृतीयांश भागातच असावी, म्हणजे नको झालं की त्याला सरकायला जागा राहते.

खरी गोम थर्मोस्टॅटच्या सेन्सरच्या वायरीत आहे. मी मिशिगनमध्ये राहतो. तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या गेकोने उकराउकरी करून आतला सेन्सर उपटला आणि तो पाण्याच्या वाटीजवळ जाऊन पडला. थर्मोस्टॅटला वाटलं, टाकी गारठलीय. त्याने रात्रभर मॅट चालू ठेवली. सकाळी बेटा थंड टोकाच्या काचेला चिकटून बसलेला, पोट लालबुंद. डॉक्टरांनी मलम दिलं, तीन आठवडे लावत होतो. तेव्हापासून सेन्सर टाकीच्या बाहेर, मॅटला खालून घट्ट चिकटवलेला असतो. असं केलं की थर्मोस्टॅटवरचा आकडा आतल्या जमिनीपेक्षा काही अंश जास्त ठेवावा लागतो, कारण मधली काच थोडी उष्णता खाते. किती जास्त, ते तुमच्या टाकीवर मोजूनच ठरेल. टाकीच्या आत चिकटपट्टी मात्र कधीच वापरू नका. पाल तिला चिकटली तर सोडवताना कातडी निघते.

चिकटवलेली मॅट उपटून पुन्हा लावायच्या भानगडीत पडू नका, आतल्या तारा दुमडतात. टाकीच्या कोपऱ्यांखाली रबरी पाय लावा, नाहीतर उष्णता खालीच कोंडते आणि काच तडकते. आत वाळूचा जाड थरही नको. तो उष्णता अडवतो, मग पाल खाली उकरत जाते आणि पोट भाजून घेते. पातळ फरशी किंवा पेपर टॉवेल उत्तम. ओलसर मॉस (शेवाळ) भरलेला एक डबा उबदार बाजूला ठेवा, कात टाकताना लागतो.

आता हेही सांगतो, की जानेवारीत खोलीच ६२वर आली तर मॅट कितीही चांगली असली तरी हवा गारच राहणार. त्यासाठी वरून हॅलोजनचा दिवा लागेल, त्यालाही वेगळा थर्मोस्टॅट. आज नव्याने सुरुवात केली असती तर मी दिव्यापासूनच केली असती, पण मॅट आणलीच आहे तर नीट वापरू.

सगळं बसवल्यावर गेकोला लगेच सोडू नका. दोन दिवस रिकामी टाकी चालू ठेवा आणि सकाळी, दुपारी, झोपण्यापूर्वी मॅटच्या वरची जमीन मोजा. एकदाही ९५ दिसलं तर थर्मोस्टॅट दोन अंशांनी खाली आणा आणि पुन्हा मोजा. आकडे मला कळवा.