मल्टिपल मॅन: सुरुवात कुठून करायची?

मल्टिपल मॅन म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधला सुपरहिरो जेमी मॅड्रॉक्स. तो पहिल्यांदा दिसला त्या १९७५ च्या अंकापासून वाचणार म्हणताय? नका. तिथे जेमी फँटास्टिक फोर या सुपरहिरो चौकडीच्या कथेत पाहुणा म्हणून येतो, विनोद जवळपास नाहीच. नवखे बहुतेक तिथेच कंटाळतात.

त्याऐवजी पीटर डेव्हिडने लिहिलेली २००४ ची 'मॅड्रॉक्स' ही कॉमिक मालिका घ्या. पाचच अंक. अंगाला धक्का बसला की जेमीचा आणखी एक जेमी, म्हणजे डुप्लिकेट, तयार होतो. तो परत अंगात घेतला की त्याने शिकलेलं सगळं मूळ जेमीच्या डोक्यात. खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक डुप्लिकेट त्याच्या स्वभावाचा एखादाच कोपरा घेऊन येतो. मदतीला काढावा, तर तोच उलट वाद घालत बसतो!

मग २००५ पासूनची 'एक्स-फॅक्टर' ही मालिका. निदान सोळाव्या अंकापर्यंत सोडू नका. एक डुप्लिकेट पाद्री होऊन, बायको-मुलासह संसार थाटून बसलाय आणि जेमी त्याला परत 'घ्यायला' आलाय. पुढचं सांगत नाही.

दोन चुका टाळा:

- मूळ कोण, डुप्लिकेट कोण याचा हिशोब ठेवू नका. मी वही केली होती, चौथ्या पानावर फाडली.
- २०१८ ची 'मल्टिपल मॅन' सगळ्यात धमाल, पण आधी नको. कालप्रवास आहे, जेमींची गर्दी आहे, डोकं गरगरतं.

जेमी ज्या जगात वावरतो, त्यातल्या एक्स-मेन या सुपरहिरो टोळीचा अख्खा इतिहास आत्ता लागत नाही. अडलं की विचारा.