'छान आहे, पण मजा येत नाही' म्हणणाऱ्या पार्टीला काय सांगायचं

तुमची पोस्ट वाचून हसू आलं आणि जरा पोटातही कालवलं. घरगुती मसाल्याचा धंदा करणाऱ्या एका कुटुंबाला तुम्ही पाउचची तीन डिझाइन्स दाखवलीत. रंग का घेतले, मोकळी जागा का सोडली, अक्षरांना ते वळण का दिलं, सगळं सांगितलंत. समोरचे गृहस्थ मान डोलावत राहिले, 'घरी दाखवतो' म्हणाले, आणि मग व्हॉट्सॲपवर निरोप आला: 'छान आहे, पण मजा येत नाही, अजून एक-दोन बघू.' आता तुम्ही विचारताय की प्रेझेंटेशनचा कोर्स करावा का, आणि इंग्रजी सुधारल्याशिवाय मोठी कामं मिळणारच नाहीत का.

हाच निरोप मी पतसंस्थेकडून, बेकरीवाल्याकडून, शाळेकडून, एका डॉक्टरांकडूनसुद्धा ऐकलाय. वेळेवर जा, लॅपटॉप चार्ज करून न्या, तीनपेक्षा जास्त ऑप्शन दाखवू नका, हे सगळं तुम्हाला माहीतच असणार. ते सोडून देते.

माझ्या मते तुमचं बोलणं चुकलेलं नाही. ते ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. त्या गृहस्थांनी घरी जाऊन काय केलं असेल? फोन पुढे केला असेल आणि 'बघ गं, कुठलं बरं वाटतंय?' एवढंच विचारलं असेल. तुमच्या अर्ध्या तासातलं त्यांच्या तोंडात काहीही राहिलं नव्हतं. आपल्याकडच्या बहुतेक कामांत समोर बसलेला माणूस एकटा ठरवत नाही. घरी वडील असतात, भागीदार असतो, संस्थेत संचालक मंडळ असतं, आणि मसाल्याच्या धंद्यात तर चव जिच्या हातची असते तीच ठरवते. तुम्ही तिथे नसता. तुमच्या वतीने बोलतो तो हा माणूस, आणि त्याला 'निगेटिव्ह स्पेस' (मुद्दाम सोडलेली मोकळी जागा) पाठ नाही, पाठ करायची गरजही नाही. म्हणून प्रत्येक डिझाइनबरोबर त्याला घरी जाऊन जशीच्या तशी सांगता येतील अशी दोन-तीन वाक्यं देणं हे आपलं काम आहे. बाकी सगळं प्रेझेंटेशन त्याच्यानंतर.

स्वच्छ भारतचं बोधचिन्ह घ्या. २०१४ साली खुल्या स्पर्धेतून निवडलं गेलं, करणारे आपल्या कोल्हापूरचे अनंत खासबारदार. फोनवर कुणाला सांगायचं झालं तर 'गांधीजींचा चष्मा, एका काचेत स्वच्छ, दुसऱ्या काचेत भारत' एवढं बस होतं. किंवा २०१० साली ठरलेलं रुपयाचं चिन्ह: देवनागरी र, त्यातच रोमन आर, वरती दोन रेघा. मंत्रालयातल्या माणसापासून रिक्षावाल्यापर्यंत कुणीही ते दुसऱ्याला सांगू शकतो. यावर 'मग प्रत्येक लोगोत असं काहीतरी लपवायचं का' असं विचाराल, तर नाही. उलट गणपतीच्या सोंडेत दुकानाचं नाव लपवणाऱ्या लोगोंनी मला वात आणलाय. सांगता येणं म्हणजे चमत्कृती नव्हे.

मसाल्याच्या पाउचचंच बघू. त्या कुटुंबाला घरी बोलता येईल अशी कारणं त्यांच्या धंद्यातली असतात, आपल्या नाहीत. माल कुठे विकला जाणार? गावातल्या किराणा दुकानात छोटी पाकिटं माळेसारखी लटकलेली असतात, वरचा भाग सील आणि भोकात जातो. मग सांगायचं: 'नाव मुद्दाम खाली घेतलंय, लटकवल्यावर झाकलं जाऊ नये म्हणून.' रॅकमध्ये उभं राहणार असेल तर शेजारी कोणाची पाकिटं असतात ते दुकानात जाऊन फोटो काढून आणा, त्या फोटोत तुमचं पाउच बसवा आणि तेच दाखवा. 'शेजारी सगळी लाल आहेत, म्हणून आपलं पिवळं' हे वाक्य कुणालाही पाठ होतं. लाल म्हणजे ऊर्जा वगैरे मात्र विसरा. मिरचीवाल्याला लाल रंगाचा अर्थ शिकवायला जाऊ नये.

पैशाचं कारण तर सगळ्यात पक्कं बसतं. लॅमिनेटचं पाउच ग्रॅव्हूरवर (कोरलेल्या सिलिंडरने छापायची पद्धत) छापायचं तर प्रत्येक रंगाला स्वतंत्र सिलिंडर लागतो, पारदर्शक फिल्मवर पांढऱ्यालासुद्धा वेगळा. सिलिंडरचा खर्च पार्टीच्याच माथी येतो. आज कांदा-लसूण मसाला आहे, उद्या गोडा मसाला आणि मिरची पूड येणारच. अशा वेळी मसाल्याचं नाव आणि त्याचा बदलता मजकूर एकाच रंगात ठेवलात, तर पुढच्या प्रकाराला बाकीचे सिलिंडर तेच वापरता येतात आणि फक्त तो एक नवा करावा लागतो. हे सांगितल्यावर समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो. हे तो घरी नक्की सांगेल, आणि भावालाही सांगेल. (माल थोडा असेल तर डिजिटल छपाई किंवा साधं स्टिकर बरं पडतं, तिथे हे गणित लागू नाही. छापणाऱ्याला आधी विचारा, माझ्यावर विसंबू नका.) शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक यांची जागाही पहिल्याच डिझाइनमध्ये धरून ठेवा. 'हे काढा, दिसायला बरं दिसत नाही' अशी मागणी येतेच. कायद्याने लागतं एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं.

आता ज्यासाठी हे एवढं टंकतेय ते.

आमच्या भागातली एक जुनी संस्था आहे, नाव घेत नाही. सुवर्णमहोत्सव होता, नवीन बोधचिन्ह हवं होतं. मला आणि आणखी काही जणांना बोलावून सांगितलं, 'आधी नमुने द्या, साहेबांना पसंत पडलं की मानधनाचं बघू.' स्पर्धा जाहीर केलेली नव्हती, बक्षीस नव्हतं, नियम नव्हते, निर्णय कोण घेणार तेही सांगितलं नव्हतं. तिथले मॅनेजर स्वभावाने चांगले. त्यांना सगळं पटलं, त्यांनी चहा पाजला, फाइल पेन ड्राइव्हवर ठेवून घेतली, 'सभेत मी मांडतो' म्हणाले. तुम्हीही या, असं काही म्हणाले नाहीत. मी येऊ का, असं विचारलं तर 'बाहेरच्यांना सभेत बसता येत नाही.'

सभेत काय झालं ते नंतर तिथल्याच शिपायाकडून कळलं. ऑफिसच्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर सगळे नमुने एकाच कागदावर छोटे-छोटे छापले आणि तो कागद टेबलावर फिरवला. माझ्या चिन्हात हिरव्या आणि केशरी रंगाच्या सीमेवर आकार तयार होत होता, म्हणजे कागदावर एक राखाडी ठोकळा दिसला असणार. एका संचालकांनी विचारलं, 'हे काय आहे?' मॅनेजरांना सांगता आलं नाही. विषय पुढच्या सभेवर गेला. आणि मग काही महिन्यांनी एसटी स्टँडसमोर संस्थेचा मोठा फ्लेक्स लागला, त्यावर माझंच चिन्ह! शेजारी नाव कुठल्यातरी फॉन्टात आडवं ताणलेलं, शिरोरेषा एखाद्या पट्टीएवढी जाड, खालचे उकार कापलेले. छापखान्याकडून 'फायनल करून घेतलं' म्हणे.

विचारायला गेले तर उत्तरं ठरलेली. मॅडम, फाइल तुम्हीच दिली होती ना. ठरावात तुमचं नाव नाही. कामाची ऑर्डर कुठे आहे? पत्र दिलं तर म्हणाले आवक-जावकला नोंद नाही. या टेबलावरून त्या टेबलावर. मॅनेजर एव्हाना निवृत्त झाले होते. नवीन साहेब म्हणाले, 'एवढ्याशा चित्रासाठी कोण भांडतं?' त्याच साहेबांच्या केबिनमध्ये संस्थेच्या नावाचे पितळी अक्षरांचे बोर्ड कोटेशन मागवून, तुलनात्मक तक्ता करून, मंजुरी घेऊन बसवलेले होते. पितळेला तक्ता आणि डोक्याला चहा! वकिलाकडे गेले. ते म्हणाले, कॉपीराइटचा दावा जिल्हा न्यायालयात चालतो, बाजू तुमची आहे, पण वर्षं जातील आणि खर्च त्या मानधनाच्या वर जाईल. सोडून दिलं. मानधन गेलंच, शिवाय त्या काळात दुसरी कामं नाकारली होती ती गेली, आणि पुढे कितीतरी दिवस लोक मला 'तो ताणलेला लोगो तुमचाच ना' असं विचारत होते.

म्हणून माझं मत जरा कडवट आहे, कमीजास्त करून घ्या. फुकट नमुने देऊ नका. जाहीर स्पर्धा वेगळी, तिथे बक्षीस, नियम आणि हक्क कोणाकडे जाणार हे आधी लिहिलेलं असतं. वाचून भाग घ्यायचा की नाही ते आपण ठरवतो. 'नमुने द्या, मग बघू' यात फक्त एकच बाजू बघते. त्याऐवजी मी आता जुनी कामं दाखवते आणि त्यांच्या कामाबद्दल तोंडी बोलते: माल कुठे जाईल, बोर्ड किती अंतरावरून वाचायचा आहे, लेटरहेडवर शिक्का मारल्यावर चिन्ह राहील का. चित्र ॲडव्हान्सनंतर. काही जण उठून जातात. जाऊ द्या. (नवीन असताना हे परवडत नाही हे मलाही कळतं. त्या काळात मीही नमुने दिले आहेत आणि त्यातून दोन-तीन चांगली माणसं मिळाली, हेही खरं.)

द्यायचेच झाले तर कव्हरिंग लेटरसह द्या, आणि पत्राच्या आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का, नंबर आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. फाइल कमी रिझोल्यूशनची, चित्रावरूनच आपलं नाव आडवं टाकलेली पीडीएफ. आणि पहिल्याच पानावर चिन्ह काळ्या-पांढऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढं, खाली ती दोन वाक्यं मोठ्या अक्षरांत मराठीत छापलेली. सभेत कागद फिरला तरी वाक्यं कागदाबरोबर फिरतात.

हक्कांबद्दल थोडं, मी वकील नाही हे लक्षात ठेवून. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच. किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही तर ५ वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर भारतापुरतं. नोकरीत असताना केलेल्या कामाचा नियम वेगळा आहे. कोटेशनमध्ये 'पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क आपल्याकडे' अशी ओळ मी टाकते आणि भेटीतच वाचून दाखवते. चांगल्या पार्टीला त्याचा राग येत नाही.

इंग्रजीचं विचारलंत. माझा अनुभव उलटा आहे. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत स्लाइड इंग्रजीत लागतात, त्या कुणाकडून तरी तपासून घेता येतात. पण कारखानदार, दुकानदार, डेअरीवाले यांच्याशी मराठीत बोललं की ते धंद्यातलं खरं दुखणं सांगतात. कोर्सवर पैसे घालण्यापेक्षा आपलं डिझाइन आईला किंवा शेजारच्यांना फोनवर, न दाखवता सांगून बघा. त्या पुढे तिसऱ्या माणसाला काय सांगतात ते ऐका.

राहिलेलं सुटं-सुटं. मराठी नाव असेल तर देवनागरीच आधी करा, इंग्रजीवरून मागाहून ओढाताण करू नका. दुकानाच्या पाटीचं काम असेल तर कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात मराठी अक्षरं आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हे दुकानदाराला तुम्हीच सांगितलंत की वजन वाढतं. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात, म्हणून अंतिम मजकुरावर पार्टीची सही घ्या. फॉन्ट विकत घ्यायचं बजेट नसेल तर मुक्ता, बालू असे खुल्या परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आहेत, व्यावसायिक कामालाही चालतात. व्हॉट्सॲपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली तर रंग आणि कडा दोन्ही जातात आणि मग 'मजा येत नाही' हे त्यांचं म्हणणं खरं ठरतं.

तुमच्या पार्टीला सध्या नवीन ऑप्शन पाठवू नका. 'ताईंच्या सोयीने दहा मिनिटं घरी येऊन जाते' असं कळवा, आणि पाउचची कागदी डमी करून त्यात खरा मसाला भरून न्या. भरल्यावर पाउच फुगतं आणि स्क्रीनवर मधोमध दिसणारं नाव कडेला सरकतं, हे तिथेच दिसेल. तिन्हीतलं एक तेव्हा आपोआप बाद होईल.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर काम सुरू व्हायच्या आधी करून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे, उशीर झाला तर व्याजही लागतं. वसुली किती होते ते सोडा, पण बिलावर उद्यम नंबर असला की अकाउंटंट लवकर फोन उचलतो. नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, फी मागणाऱ्या साइट दिसल्या तर त्या सरकारी नाहीत.