क्रॉनिक फटिग सिंड्रोममागे जंतूंचा हात आहे का? नाशिकमध्ये राहून यावर एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करता येईल का?

तुमच्या वहिनींना डेंग्यू होऊन वर्ष उलटलं तरी थकवा जात नाही. म्हणून क्रॉनिक फटिग सिंड्रोमच्या, म्हणजे विश्रांतीनेही न जाणारा थकवा महिनोन्महिने राहणाऱ्या आजाराच्या, रुग्णांचे स्टूल सॅम्पल (शौचाचे नमुने) घेऊन 'कारणीभूत जंतू' शोधायचा तुमचा विचार आहे. मी इथेच, नाशिकमध्ये मायक्रोबायोलॉजी शिकवतो, तेव्हा सरळ सांगतो: विषय जरूर घ्या, पण प्रश्न बदला.

आधी एक्सएमआरव्ही या विषाणूचं प्रकरण नीट वाचा. ऑक्टोबर 2009 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात शोधनिबंध आला: 101 रुग्णांपैकी 68 जणांमध्ये हा विषाणू सापडला, निरोगी 218 पैकी फक्त 8 जणांमध्ये. मोठा गाजावाजा झाला. काही रुग्णांनी तर एचआयव्हीची औषधं सुरू केली. मग इतर प्रयोगशाळांना तो सापडेचना. पुढे उलगडा झाला की हा विषाणू 1990च्या दशकात प्रयोगशाळेतच तयार झाला होता. माणसाची प्रोस्टेटची गाठ उंदरांच्या शरीरात वाढवताना उंदरांमधल्या विषाणूंचे तुकडे जुळून तो बनला, आणि नमुन्यांत दिसला तो कंटॅमिनेशनमुळे. डिसेंबर 2011 मध्ये 'सायन्स'ने निबंध मागे घेतला. 2012 साली इयन लिपकिन यांच्या गटाने 147 रुग्ण आणि 146 निरोगी माणसं घेतली. सॅम्पल कोणाचं हे तपासणाऱ्याला कळू दिलं नाही. एकाही सॅम्पलमध्ये विषाणूचा जनुकीय अंश मिळाला नाही. पीसीआरला (जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला) निगेटिव्ह कंट्रोल (कंटॅमिनेशन कळावं म्हणून मुद्दाम जंतूविरहित ठेवलेला नमुना) लावायचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी ही गोष्ट ऐकवतो.

आता आतड्यातले जंतू. 2023 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने 106 रुग्ण आणि 91 निरोगी लोक तपासले. रुग्णांमध्ये फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी हा ब्युटिरेट (आतड्याच्या अस्तराला पोषक आम्ल) बनवणारा जंतू कमी होता. निष्कर्ष दखल घेण्याजोगा आहे, पण जंतू घटले म्हणून माणूस आजारी पडला, की आजारी माणसाचं खाणं-फिरणं बदललं म्हणून जंतू घटले, हे एकदाच घेतलेल्या सॅम्पलवरून सांगता येत नाही. शिवाय एक रोज मिसळ-पाव खाणारा आणि दुसरा भाकरी-मेथी खाणारा, अशी तुलना केलीत तर तुम्ही आहारच मोजाल. स्टूलवर काम करायचंच असेल तर कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा निरोगी माणूस, त्याच घरातला घ्या, एकाच स्वयंपाकातलं खाणारा. (हा जंतू ऑक्सिजनमध्ये तग धरत नाही, तेव्हा दह्यातून किंवा साध्या प्रोबायोटिक कॅप्सूलमधून तो वाढवून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.)

मला सगळ्यात पटलेला अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या डबो गावचा आहे, 2006 साली प्रसिद्ध झालेला. त्यांनी थकलेली माणसं गोळा केली नाहीत. ताप आला तेव्हाच 253 जणांना अभ्यासात घेतलं आणि त्यांचा माग ठेवला. कोणाला एपस्टीन-बार विषाणू, कोणाला रॉस रिव्हर विषाणू, कोणाला क्यू फीवरचा जीवाणू. जंतू तीन वेगळे, तरी सहा महिन्यांनी तिन्ही गटांत साधारण सारख्याच प्रमाणात, एकूण 11 टक्के लोकांना, क्रॉनिक फटिग सिंड्रोम जडलेला होता. आधीची मानसिक स्थिती किंवा वय यावरून ते कोण असतील हे सांगता येत नव्हतं. पहिला आजार किती तीव्र होता, यावरून येत होतं.

यातला रॉस रिव्हर डासांमुळे पसरतो आणि चिकनगुनियाच्याच कुळातला आहे. आपल्याकडे पावसाळा सरता सरता डेंग्यू-चिकनगुनियाचे पेशंट असतातच. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की संमती घेऊन नाव नोंदवा, तापाचे दिवस आणि सांधेदुखी लिहून ठेवा आणि दर महिन्याला फोन करा. सहा महिन्यांनी 2015 चे अमेरिकेतले निकष लावा: कामाची क्षमता लक्षणीय घटणं, थोड्या श्रमानंतरही त्रास बळावणं, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि विचार-स्मरणाची अडचण किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं. निदानावर डॉक्टरांचं शिक्कामोर्तब हवं, त्यामुळे मेडिकल कॉलेजातला को-गाइड शोधा. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहेच, तिथून चौकशी सुरू करता येईल. एथिक्स कमिटीची मंजुरी पावसाळ्याआधी हातात हवी, नाहीतर सीझन गेला. शंभर जण नोंदवलेत आणि डबोसारखंच प्रमाण निघालं, तरी हाती दहा-अकराच रुग्ण येतील. तेवढ्यांवर सिक्वेन्सिंगचा (जंतूंची जनुकं वाचण्याचा) खर्च करू नका.

वहिनींना मात्र या अभ्यासात घेऊ नका, त्यांना फिजिशियनकडे न्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, साखर, आणि गरज वाटली तर टीबीची तपासणी आधी होऊ दे, कारण यातलं बरंचसं औषधाने सुधारतं. आणि थोडं काम केलं की दुसऱ्या दिवशी त्या आडव्या होत असतील, तर "रोज थोडं थोडं चालणं वाढव" असा आग्रह घरात कोणी धरू नये. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021 मध्ये या आजारासाठी असा ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेलेला व्यायाम देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे.