घरच्या स्टिरिओसाठी जुना पॉवर ॲम्प्लिफायर घ्यायचाय, बजेट १२ हजार. कोणत्या कंपनीचा आणि किती वॉटचा घ्यावा?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की खोली दहा बाय बाराची आहे, बुकशेल्फ स्पीकर घरात आहेत आणि 'मित्र म्हणतात जुना घेऊ नकोस, पैसे पाण्यात जातील'. पहिल्या दोन गोष्टींना दोन ओळींचं उत्तर पुरलं असतं. तिसरी वाचली आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. हे वाक्य मी २००९ च्या भाऊबिजेपासून दर दिवाळीला ऐकतोय.

वॉटचं आधी संपवतो. तीस ते पन्नास खरे वॉट तुम्हाला भरपूर झाले. खरे म्हणजे आरएमएस (सेट सतत देऊ शकतो ते), आठ ओहमच्या स्पीकरला, डावं-उजवं दोन्ही चॅनल एकदम चालवून मोजलेले. पीएमपीओ (जाहिरातीतले फुगवलेले वॉट) छापलेलं दिसलं की पुढच्या दुकानात जा, तो आकडा कसा मोजायचा याला काही नियमच नाही. (अमेरिकेत याच थापांना कंटाळून १९७४ साली सरकारला ॲम्प्लिफायरच्या वॉटसाठी नियम करावा लागला. आपल्याकडे अजून टेम्पोभर वॉट मिळतात.) ५० ऐवजी १०० वॉटचा घेतलात तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. खालच्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन वर येतात तेव्हाही तुम्ही बहुतेक पाच-दहा वॉटवरच असता.

विकणारा '५०० वॉट' म्हणाला तर झाकण काढायला लावा आणि मोठ्या कंडेन्सरवरचे व्होल्ट मोजा. अधिक-उणे ३५ असतील तर तो आठ ओहमला पन्नास-साठ वॉटचा सेट आहे. बाकीचे साडेचारशे त्याच्या तोंडातले.

आता ते २००९.

बाबांचे स्पीकर होते. १९८४ साली एकोणीस एमएमच्या प्लायची खोकी सुताराकडून करून घेतलेली, वर सागवानी व्हीनियर, आत आठ इंची कागदी कोनचे वूफर (खर्जाचे मोठे स्पीकर). त्यांना चालवणारा जुना इंटिग्रेटेड सेट (व्हॉल्यूम आणि पॉवर ॲम्प एकाच डब्यात असलेला) बंद पडला म्हणून मी मुंबईतल्या एका दुकानातून सेकंडहँड पॉवर ॲम्प घेतला, साडेनऊ हजाराला. जपानी, तेरा किलोचा, पुढे दोन काट्यांचे मीटर. कंपनीचं नाव सांगत नाही, तिचा काही दोष नव्हता. दुपारच्या डोंबिवली स्लोमध्ये बसायला मिळालं, पण वरच्या रॅकवर ठेवायची हिंमत होईना. मांडीवर घेऊन आलो. उतरताना पायाला मुंग्या आल्या होत्या.

घरी ताई आणि भावोजी आलेले. ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि मला दाखवायची घाई. कपाटात मल्टिमीटर होता. हात लांब केला असता तर मिळाला असता. नाही केला. वायरी जोडल्या, कुमार गंधर्वांची रेकॉर्ड लावली, बटण दाबलं.

डाव्या वूफरचा कोन धप्पकन पुढे आला आणि तिथेच राहिला. हालला नाही, थरथरला नाही, फुगवलेल्या गालासारखा पुढे येऊन थांबला. मी बघतच बसलो. चार-पाच सेकंदांत जळक्या वार्निशचा वास आला. बाबा उठले, काही न बोलता भिंतीवरचं बटण बंद केलं आणि परत खुर्चीत जाऊन बसले. भावोजी करंजी खात होते. म्हणाले, "तरी मी सांगत होतो. एवढ्या पैशांत नवीन फाइव्ह पॉइंट वन होम थिएटर आलं असतं. जुनं ते जुनंच."

दुसऱ्या दिवशी सेट खोलला. आउटपुट ट्रान्झिस्टर गोल टोपीवाले, एका चॅनलला चार. डाव्या बाजूचे तीन मळलेले, एकसारख्या छपाईचे. चौथा चकचकीत, आणि त्याच्यावरची अक्षरं नखाने निघत होती. टोपी हॅकसॉने कापली तर आत तिळाएवढी चिप. उजवीकडचा एक जुना कापून बघितला (हो, चांगला होता, पण मला बघायचंच होतं), त्यात करंगळीच्या नखाएवढी. म्हणजे कुणीतरी आधी दुरुस्ती करताना डुप्लिकेट माल घातला होता. तो आतून शॉर्ट झाला आणि सप्लायचे अख्खे ३५ व्होल्ट डीसी (एकाच दिशेने ढकलणारी वीज) वूफरवर. वूफरची कॉइल सहा ओहमची. हिशेब करा, दोनशे वॉट होतात. स्पीकरच्या आत इस्त्री चालू केल्यासारखं. फ्यूज उडाला, पण कॉइल गेल्यावर.

तरीही स्पीकर वाचायला हवा होता. कारण असं काही झालं तर स्पीकरची लाइन तोडायला आत रिले असतो. सर्किट बोर्ड उलटा केला. रिलेच्या पायांवर वायरचा तुकडा आडवा टाकून सोल्डर मारलेला. रिलेचे कॉन्टॅक्ट वर्षानुवर्षांत काळे पडतात, मग हळू आवाजात एक बाजू गायब होते आणि आवाज वाढवला की परत येते. नवीन रिले तेव्हा शंभर रुपयांत बसायचा. त्या कारागिराने शंभर रुपये वाचवले आणि पहारेकरीच खांबाला बांधून ठेवला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, आणि ते भावोजींना पंधरा वर्षं पटलेलं नाही: सेट जुना होता म्हणून स्पीकर जळला नाही, तो खोलणारा हात वाईट होता. तुम्हीही कंपनी आणि वॉट विचारताय. आधी विचारा, याला कुणी हात लावलाय आणि का. न खोललेला, धूळ बसलेला, जरा खरखरणारा सेट 'पूर्ण सर्व्हिस केलेला'पेक्षा मी डोळे झाकून घेईन. खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. हळू आवाजात एक बाजू जात असेल तर तोंड पाडा, भाव पाडा आणि उचला. ट्रान्सफॉर्मर गुरगुरत असेल किंवा जळल्याचा वास असेल तर सोडा.

मल्टिमीटर खिशात घेऊनच जा. स्पीकर न लावता सेट चालू करायचा. दोन-चार सेकंदांनी आतून 'टक' ऐकू आलं पाहिजे, तो रिले. मग स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजायचं, आधी २० व्होल्टच्या रेंजवर, मग मिलिव्होल्टवर. तीस-चाळीसच्या आत असेल तर उत्तम, शंभरच्या वर असेल तर कारण कळल्याशिवाय घेऊ नका. दहा-पंधरा मिनिटं तापू द्या आणि परत मोजा. विकणारा घाई करायला लागला तर चहा सांगा, पण तापू द्या. घरी आणल्यावर पहिल्यांदा शंभर वॉटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमध्ये लावा, म्हणजे वीज बल्बमधून जाऊन मगच सेटला मिळेल. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

कंपनी विचारलीच आहे तर. आपल्याकडच्यांत सोनोडाइन आणि नॉर्ज, दोन्ही उघडून कुणालाही दुरुस्त करता येण्यासारखे. १९७८ चा नॅड ३०२० कागदावर फक्त २० वॉटचा, पण तुमच्या खोलीत तो कमी पडणार नाही. तो इंटिग्रेटेड असला तरी मागच्या जोडपट्ट्या काढल्या की नुसता पॉवर ॲम्प म्हणूनही चालतो. क्वाड ४०५ मिळाला तर नशीब तुमचं, फक्त मागे डिन सॉकेट (जुन्या पद्धतीचं गोल, बऱ्याच पिनांचं) असतं, त्याची केबल करून घ्यावी लागेल. मांडववाल्यांचे जुने पीए ॲम्प स्वस्त मिळतात, पण त्यांचा पंखा मारवा ऐकू देत नाही.

जपानहून आलेल्या सेटची मागची पट्टी वाचा. '१०० व्होल्ट' लिहिलं असेल आणि तुम्ही थेट आपल्या २३० मध्ये खुपसलात तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च भावात धरा. माझ्या सेटला मागे व्होल्टेज सिलेक्टर होता, तेवढं एक मी नीट बघितलं होतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. बऱ्याच जुन्या सेटमध्ये रिले नसतोच, तिथे 'टक' ऐकायला थांबू नका, डीसी मोजण्यावरच भागवा. झाकण काढल्यावर प्लग ओढलेला असला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज शिल्लक असतो, बोटं घालू नका. आणि तुम्ही प्रीॲम्पचं (पॉवर ॲम्पच्या आधी लागणारा, आवाज कमी-जास्त करणारा डबा) काही लिहिलंच नाही. पॉवर ॲम्पला व्हॉल्यूम नसतो किंवा असला तरी नावाचा. मधे काही न लावता डॅक (मोबाइल-कॉम्प्युटरचं डिजिटल गाणं ॲम्पला समजेल असं करून देणारा डबा) थेट जोडून गाणं सुरू केलंत तर माझ्यासारखंच बघत बसाल. प्रीॲम्प नसेल तर खरं म्हणजे तुम्ही इंटिग्रेटेडच शोधा. बारा हजारांतले दोन हजार दुरुस्तीला बाजूला ठेवा. मला आठही ट्रान्झिस्टर, रिले आणि कंडेन्सर मिळून एकवीसशे लागले. २०१० पासून तो सेट रोज चालू आहे.

डावा वूफर मात्र नवीन कॉइल-कोन घालूनही उजव्याशी जुळला नाही, अजून जरा नाकात बोलतो. तो दुरुस्त होऊन येईपर्यंत चार महिने बाबा एकाच स्पीकरवर ऐकत होते. मी माफी मागायला गेलो तर म्हणाले, "एका कानाने ऐकले तरी कुमार कळतात रे."

भावोजींनी त्याच महिन्यात फाइव्ह पॉइंट वन घेतलं होतं. चार वर्षांनी त्याचा बोर्ड गेला, तो पार्ट आता येत नाही म्हणून सर्व्हिस सेंटरने हात वर केले. घरात जागा नाही म्हणून त्याचा सबवूफर त्यांनी आमच्या माळ्यावर आणून ठेवला, 'तात्पुरता'. भावोजी, तुम्ही हे वाचत असाल तर या दिवाळीला येताना रिकामी पिशवी आणा.