वसईतल्या कॅथलिक शाळा पोर्तुगीजांच्या काळापासूनच चालत आल्या आहेत का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. वसई किल्ल्यात जेझुइटांचं, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचं, कॉलेज होतं हे खरं. आज तिथे चर्चची कमानदार दर्शनी भिंत आणि शेजारी बिनछपराच्या खोल्या दिसतात. वसईतच जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया लहानपणी याच जेझुइटांच्या हाताखाली शिकले. १५९७ मध्ये नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं, १८६२ मध्ये ते संत म्हणून जाहीर झाले. पण १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि तिथलं शिक्षण तिथेच थांबलं.

आजची हायस्कुलं वेगळ्या मुळाची आहेत. ती गावच्या चर्चच्या आवारात, धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) प्राथमिक वर्गांतून वाढली. त्यातल्या अनेक मराठी माध्यमाच्या, आणि माझ्या मते हीच त्यांची मोठी कमाई. मी अशाच एका शाळेत शिकले. घरी सामवेदी बोली, वर्गात प्रमाण मराठी, प्रार्थनाही मराठीतच. पावसाळ्यात केळीच्या वाडीतून शाळेत येणाऱ्या पोरांच्या पायांचा चिखल पायऱ्यांवर वाळलेला असायचा. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले, नंदाखालचे.

तुमच्या शाळेचा इतिहास हवा असेल तर चर्चच्या कार्यालयात जुन्या नोंदवह्या आणि शाळेचं जनरल रजिस्टर बघा. पहिल्या पानांवर आडनावांसोबत गावंही सापडतात.