कुत्र्याला कच्ची तारली देताना

पहिल्याच दिवशी अख्खा बांगडा पुढ्यात टाकू नकोस. तारलीपासून सुरुवात कर, तीही एकच. बाजारातून आणली की लगेच देऊ नकोस; उणे २० अंशांवर ७ दिवस गोठू दे, म्हणजे आतले जंत मरतात. फ्रीज तेवढा थंड होत नसेल तर सरळ उकडून, काटे काढून दे. शिंगाळा मुळीच नको, त्याच्या पाठीवरचा काटा करवतीसारखा असतो.

आमची काळी कुत्री तारली तोंडात धरून आधी अंगणभर मिरवते, मग डोक्याकडून कचाकच चावते. तुझं कुत्रं अधाशी असेल तर माशाची शेपटी हातात धरून ठेव, नाहीतर न चावता गिळतं. आठवड्यातून दोनदा पुरे. कारण काही कच्च्या माशांतलं थायमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) बी१ जीवनसत्त्व मोडतं. खारवलेली सुकी तर नकोच.