तो झोन नाहीये गं

अगं पोरी,

तुझ्या थीसिसच्या चमकणाऱ्या, जंतू मारणाऱ्या डायच्या (रंगाच्या) चाचणीचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो बघितला, यूव्ही लॅम्पखाली जंतूंची प्लेट काय पेटलीये, आमच्या हिला पण बोलावून दाखवली, पण खरं सांगू का, तू पट्टी लावून जे अठरा मिमी मोजलंयस तो झोन, म्हणजे डाय लावलेल्या कागदी डिस्कभोवतीचा जंतू न वाढलेला गोल, नाहीये, तो तुझा डाय अगारमधे (प्लेटमधल्या जेलीत) पसरलाय. लॅम्प बंद कर, प्लेट काळ्या कागदावर उलटी धर, जंतूंची साय कुठे संपते ते बघ आणि तिथून मोज. आठ निघाले तर आठच लिही, आणि डिस्क स्वतःच सहा मिमीची असते हे विसरू नकोस. नुसत्या डीएमएसओची, म्हणजे डाय विरघळवायच्या द्रवाची, डिस्क ठेवलीयेस का? मला तरी दिसली नाही.

आता माझी फजिती ऐक. शिकत असताना माझा एक अ‍ॅक्रिडीन जातीचा डाय सोमवारी स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस जंतू) मारायचा नि गुरुवारी ढिम्म, महिनाभर मी मीडियाला (जंतूंच्या खाद्याला), ऑटोक्लेव्हला, नशिबाला शिव्या घातल्या, शेवटी कळलं की सोमवारी मला खिडकीजवळचं टेबल मिळायचं आणि इन्क्युबेटरचा नंबर लागेपर्यंत प्लेट तिथे उन्हात पडून असायची. अगं, म्युनिकच्या ऑस्कर राबने हे 1900 सालीच छापलेलं, पॅरामेशियम नावाचे एकपेशीय जीव अ‍ॅक्रिडीनमधे उजेडात मरतात, अंधारात तगतात. आम्ही वाचलंच नव्हतं. तेव्हा एक प्लेट फॉइलमधे गुंडाळ, एक ठराविक दिव्याखाली ठराविक वेळ ठेव, आणि एक बिनडायची, त्याच दिव्याखाली, कारण नुसत्या गरमीनेही जंतू मरतात.

आणि चमकणं नि मारणं दोन्ही एकाच खिशातून खर्च होतं बघ. डायने उजेड गिळला की ती एनर्जी एकतर उजेड होऊन बाहेर पडते नाहीतर ट्रिपलेट नावाच्या जास्त टिकणाऱ्या अवस्थेत जाऊन ऑक्सिजनला मिळते, आणि तो चेतलेला ऑक्सिजन, म्हणजे सिंगलेट ऑक्सिजन, जंतूला भाजतो. फ्लुरोसीन आणि रोज बेंगाल हे दोन डाय घे, सांगाडा तोच, पण रोज बेंगालवर आयोडीन नि क्लोरीन लादलेत, म्हणून ते चमकतं कमी आणि सिंगलेट ऑक्सिजन भरपूर देतं. तुला नक्की काय हवंय ते सरांशी आधी बोलून घे, दोन्ही फुल्ल मिळणार नाही. ई. कोलाय हा जंतू दाद देत नसेल तर रडू नकोस, त्याला बाहेरून एक जास्तीचा पडदा असतो, डायला पॉझिटिव्ह चार्जवाला ग्रुप लावून बघ.

ओडीवर (द्रव किती गढूळ दिसतो त्यावर) एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारा कमीत कमी डोस, काढू नकोस, डायचा स्वतःचा रंग मधे येतो. रेझाझुरिन (जिवंत जंतू दाखवणारा रंग) पण नको, जंतूंनी बदललं की तेही चमकतं. सरळ कॉलन्या मोज, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

हो, आणि थीसिसमधे "बँडेजसाठी सेफ" वगैरे ठोकू नकोस हं. पहिल्या महायुद्धात प्रोफ्लेविनने, तोही अ‍ॅक्रिडीन डायच, जखमा धुवायचे, आणि त्याच प्रोफ्लेविनने 1961 मधे क्रिक नि ब्रेनर या शास्त्रज्ञांच्या टीमने फाजमधे (जंतूंना लागणाऱ्या विषाणूत) म्युटेशन करून जेनेटिक कोड तीन-तीन अक्षरांचा असल्याचं दाखवलं. डीएनएत घुसणारी वस्तू तुझं-माझं बघत नाही. ग्लोव्ह्ज घालतेस ना? फोटोत तुझा अंगठा पिवळा दिसला मला.

बाकी रोज बडोद्याच्या कलाभवनात जातेस, 1890 चं आहे ते, पहिले प्रिन्सिपॉल गज्जर रंगांच्याच केमिस्ट्रीतले. त्यांच्याकडे यूव्ही लॅम्प नव्हता म्हणून बरं!

रविवारी ये, सेव-उसळ खाऊ. येताना फॉइलवाल्या प्लेटचा फोटो आण, साध्या ट्यूबलाइटखाली काढलेला.

तुझा काका